एक दिवस, दोन मैत्रिणी आणि देवगिरीचा किल्ला

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परभणीहून संभाजीनगरला येतोय, आदल्या रात्री पोचू आणि हाताशी मोजून एक दिवस आहे. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन लेकरं, थोरला 12 चा, धाकटी 7 ची. सासूबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन पाहिजे, मिस्टरांच्या यादीत वेरूळ, किल्ला, मकबरा, पाणचक्की, भद्रा मारुती सगळंच आहे, आणि माझ्या होस्टेलच्या दोन मैत्रिणी तिथंच राहतात, एक बेगमपुऱ्यात, एक सिडकोत. 18 वर्षं झाली भेट नाही. मिस्टर म्हणतात सगळं फिरून झालं की रात्री जाता जाता दहा मिनिटं भेटून घे. मला ते पटंना, पण सगळ्यांची सुट्टी आहे म्हणून बोलवत पण नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात ते वेगळंच. काय करू? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, आधी बोला. 18 वर्षांची भेट रात्रीच्या दहा मिनिटात बसत नसते, आणि हे मिस्टरांना कुणीतरी सांगितलंच पाहिजे, तर तुम्हीच सांगा, भांडून नाही, सरळ यादी घेऊन बसा आणि त्यातलं काय सोडायचं ते दोघं मिळून ठरवा.

मी अशी चूक केलेली आहे म्हणून सांगतेय. आम्ही असंच दिवसभर फिरलो, वेरूळ झालं, किल्ला झाला, मकबरा झाला, आणि मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, माझी लेक खांद्यावर झोपलेली. मैत्रिणीच्या आईनं दाराजवळच्या स्टुलावर ताट मांडून ठेवलं होतं, खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा, वरून विणलेला रुमाल. चार वाजल्यापासून ते ताट तिथंच होतं असं मैत्रीण नंतर म्हणाली. काकूंनी झोपलेल्या लेकराला तसंच माझ्या मांडीवर ठेवून माझी ओटी भरली, पुरणपोळी गरम करू का म्हणाल्या, आणि मी म्हणाले नको काकू, उशीर झालाय. पुढच्या वर्षी काकू गेल्या. ते ‘नको’ मला अजून खुपतंय.

तर आता तुमचा दिवस. वेरूळची लेणी या खेपेला सोडा. 34 लेणी आहेत, आणि एकटं कैलास बघायचं, म्हणजे 8व्या शतकात कृष्ण राष्ट्रकूटाच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ बघायचं तर अर्धा दिवस कमीच पडतो. त्याला वेगळा दिवस काढून या (मंगळवार सोडून, मंगळवारी लेणी बंद असतात). दारावरून परत फिरायला जिवावर येईल हे खरंय, पण पळत पळत बघितलेलं कैलास लेकरांच्या डोक्यात काहीच राहत नाही. भद्रा मारुती पण पुढच्या वेळेला.

सासूबाईंचं दर्शन मात्र कापू नका, ते पहाटे करा. दिवसभराची गाडी ठरवा, शहरापासून वेरूळ तीस किलोमीटर आहे, अंधारात निघालात तर गर्दीच्या आधी दर्शन होईल. अहिल्याबाई होळकरांनी 18व्या शतकात जीर्णोद्धार केलेलं लाल दगडाचं देऊळ आहे, गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, मिस्टरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथं जाऊन कुरकुर नको.

येताना वाटेवरच दौलताबाद, आपला देवगिरी. आणि सिडकोतल्या मैत्रिणीला सरळ किल्ल्यावर बोलवा, लेकरांना घेऊन ये म्हणा! घरी गेलं की ती स्वयंपाकघरात अडकणार, आणि तुम्ही हॉलमध्ये तिच्या मिस्टरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसणार, त्यापेक्षा चालता चालता लई बोलणं होतं, आणि तिची लेकरं तुमच्या लेकरांना घेऊन पुढं पळतात ते वेगळं. वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वर जायचा हट्ट धरू नका. सासूबाईंना हत्ती हौद, भारतमाता मंदिराचे खांब, चांदमिनार एवढं सावकाश दाखवा, 210 फुटांचा मिनार आहे, 15व्या शतकातला बहामनी काळातला, खालूनच बघायचाय, तिथं सावलीत त्या बसतील. चिनी महाल लेकरांना जरूर दाखवा, 1687 ला गोवळकोंडा पडला आणि तिथला शेवटचा सुलतान, अबुल हसन तानाशाह, त्याला औरंगजेबानं आणून इथं कैदेत ठेवलं होतं. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, धाकटी तिथून हलायची नाही बघा.

थोरल्याला मिस्टरांबरोबर अंधारीत पाठवा. खंदकावरचा पूल ओलांडला की कातळात कोरलेली ती वाट लागते, वळणावळणाची, काळीकुट्ट, वटवाघळांचा वास नाकात जातो. गाईड मशाल पेटवून दाखवतात की शत्रू अंधारात आपल्याच माणसांवर वार करायचा, आणि उजेड दिसला म्हणून पुढं गेलेला खाली खंदकात पडायचा. मशाल विझवून क्षणभर उभं राहायला सांगा, पोरगं वर्षभर तेच सांगत फिरेल. तोवर तुम्ही आणि मैत्रीण खाली कट्ट्यावर. बाहेर सीताफळवाल्या बायका बसलेल्या असतात, डोळे उघडलेली, दाबून मऊ लागणारी घ्या, बेगमपुऱ्यात न्यायला दुसरं काही नको.

आणि एक वाजता बेगमपुऱ्यात, जेवायलाच, सगळ्यांनी, सिडकोवालीला पण घेऊन. बेगमपुरा म्हणजे मकबरा आणि पाणचक्कीच्या अगदी जवळ, त्यामुळं पुढची घाई नाही. फोनवर स्पष्ट सांगा की सणाचा स्वयंपाक नको, धपाटे, दही, ठेचा कर म्हणजे तू पण आमच्यात बसशील. सासूबाई तिथं पाठ टेकतील, मिस्टर पण झोपतील, आणि तुम्हा तिघींना चार वाजेपर्यंतची अख्खी दुपार मिळते. याच्यासाठीच तर बाकीचं सोडलं.

चारला पाणचक्की. डोंगरातलं पाणी मातीच्या बंद नळातून आणून उंच भिंतीवर चढवलंय आणि तिथून ते खाली पडतं, त्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण व्हायचं, मोटार नाही, वीज नाही. मग ऊन उतरल्यावर मकबरा, औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, तिच्यासाठी बांधलेला. भिंतीवर हात फिरवून बघायला सांगा लेकरांना, खाली संगमरवर गार लागतो आणि वर कुठं चुन्याचा गिलावा सुरू होतो ते बोटांना कळतं.

बेगमपुरावालीला आजच फोन करा, आणि वेळ सांगा, एक म्हणजे एक. दिवाळीत तिच्याकडं पण पाहुणे असणार, तिला तिचं जमवू द्या.