कोडाईकॅनालची डोंगरी केळी (विरुपाक्षी) मुळशीत लावता येतील का? तिथून कंद आणू का?

तुम्ही लिहिलंय की कोडाईला जाताना घाटात गाडी थांबवून छोटी, जाड सालीची केळी खाल्ली, तशी चव आधी कधी लागली नव्हती, आणि आता तिथल्याच एका शेतकऱ्याकडून चार कंद आणून मुळशीच्या जमिनीत लावायचेत. आधी कंदाचंच सांगतो, कारण बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल. कंद आणू नका. एकही नको.

मी रावेर तालुक्यातला, घरी तीन पिढ्या केळीच आहे. दोन वर्षांपूर्वी तमिळनाडूतल्या पळणीला दर्शनाला गेलो होतो तेव्हा मुद्दाम दोन दिवस काढून तांडिकुडीकडच्या डोंगरात (कोडाईही याच पळणीच्या डोंगरांत आहे) फिरलो, ही केळी बघायलाच. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एक पान वाकवून उन्हासमोर धरलं आणि मला मागून बघायला लावलं. मधल्या शिरेला लागून गर्द हिरव्या तुटक रेघा, टिंब-रेघ टिंब-रेघ अशा. भाषा एकमेकांची येत नव्हती पण त्याने बोटाने रेघ दाखवली आणि मग हाताने उपटल्याची खूण केली, मला समजलं. हा बंची टॉप, आपल्याकडे पर्णगुच्छ म्हणतात तो. पुढे पानं आखूड, अरुंद, ताठ होत जातात, शेंड्यात गुच्छ होतो आणि लहानपणी लागण झाली असेल तर झाड निसवतच नाही, म्हणजे घडच बाहेर पडत नाही. औषध नाही यावर. काळा मावा हा व्हायरस पसरवतो आणि त्याहून लांबवर माणूस पसरवतो, कंदातून. भारतात हा रोग 1940 च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला आणि तिथून पुढे पसरला. याच पळणीच्या डोंगरात 1970 च्या दशकात 18,000 हेक्टरच्या आसपास असलेली डोंगरी केळी पुढे 2,000 हेक्टरच्या आसपास उरली, त्यात सगळ्यात मोठा हात याच रोगाचा.

आता तुम्ही म्हणाल कंद सोलून औषधात बुडवून लावतो. त्याने सोंडकिडा आणि सूत्रकृमी जातात, व्हायरस झाडाच्या आत असतो तो नाही जात. आणि लागण झाल्यावर लगेच लक्षणं दिसत नाहीत, त्यामुळे कंद देणारा माणूस अगदी प्रामाणिक असला तरी त्याला स्वतःला माहीत नसतं. आमच्या बागेत एका वर्षी हरण्या (सीएमव्ही, तो वेगळा व्हायरस) आला होता, पोळ्याच्या सुमारास मी आणि भावाने दोन महिन्यांची हिरवीगार रोपं ओळीच्या ओळी उपटून खड्ड्यात पुरली. ते ज्याने केलंय तो कुणालाही बॅगेत कंद टाकून आणा असं सांगणार नाही.

रोपं हवीच असतील तर त्रिचीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र किंवा कोइमतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करा, व्हायरस तपासलेलं टिश्यू कल्चरचंच (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप घ्या. या जातीची व्हायरसमुक्त रोपं करायचं मोठं काम याच संस्थांनी केलंय.

आता मुळशीत येईल का. झाड जगेल हो, केळ लावली की येते. पण जे तुम्ही खाल्लं ते येईल असं मला नाही वाटत. तिथली शेती आमच्या शेतीसारखी नाहीच. आम्ही पाच बाय पाच फुटांवर लावतो, एकरी सतराशेच्या वर झाडं, ठिबक, खतं, अकरा-बारा महिन्यांत घड बाहेर. तिथं बारा बाय बारा फुटांवर, म्हणजे एकरी तीनशेच्या आसपास गड्डे, तेही कॉफीच्या मळ्यात. वर सिल्व्हर ओक आणि फणस, त्याच्या खाली केळ, केळीच्या सावलीत कॉफी, खोडांवर मिरी चढलेली. एका गड्ड्यावर दोन फळणारी झाडं आणि त्यांच्या मागे दोन मुनवे (बुंध्यातून फुटणारी पिलं) ठेवतात, बाकीचे काढतात, म्हणजे आपला पिलबागच (पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) पण वर्षानुवर्षं चालणारा. पाणी देत नाहीत, पावसावर. थंडीमुळे आणि सावलीमुळे घड सावकाश भरतो, आमच्याकडच्या ग्रँड नैन जातीच्या घडाच्या निम्म्याहून लहान असतो. गर घट्ट, कोरडा आणि वास असा की खोलीत घड टांगला की दारातून कळतं.

मुळशीला पाऊस तिथल्यापेक्षा जास्तच आहे पण चार महिन्यांत पडून संपतो. पळणीच्या डोंगरात उन्हाळ्यात वळीव येतो, मग थोडा नैऋत्येचा, आणि मुख्य म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा मोठा पाऊस, त्यामुळे जमिनीत ओल टिकते. तुमच्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत पाणी द्यावं लागेल, आणि आषाढ-श्रावणात उतारावरही मुळाशी पाणी साचू देऊन चालणार नाही.

पळणीच्या मुरुगन मंदिराचं म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं पंचामिर्तम याच विरुपाक्षी केळ्यांचं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. आपलं पंचामृत दूध-दह्याचं, पातळ, त्याच दिवशी संपवायचं. ते केळी, गूळ, तूप, मध आणि वेलदोडा कुस्करून जॅमसारखं करतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, आणि केळ्यातच पाणी कमी म्हणून ते टिकतं. आम्ही आणलेला डबा घरी तीन आठवडे पुरला, आईने रोज चमचा-चमचा वाटला. 2019 मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, विरुपाक्षी आणि शेजारच्या सिरुमलै डोंगरातल्या केळ्यांना त्याच्याही आधी मिळालेलं आहे. आमच्या जळगावच्या केळीलाही जीआय आहे आणि मला तिचा अभिमान आहे, पण चवीत विरुपाक्षी वरचढ आहे हे मी गावातही सांगतो.

हौस म्हणून पाच-दहा टिश्यूची रोपं लावणार असाल तर जरूर लावा, मला आनंदच होईल. फक्त एवढं कळवा, जमिनीचा उतार कुठल्या बाजूला आहे, मोठी झाडं आहेत का, आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं. त्यावरून खड्डे कुठं घ्यायचे ते सांगतो.