पुण्याच्या पेठा पहिल्यांदा बघताय? मग गाडी घरीच ठेवा

पेठांत पार्किंग मिळत नाही, त्यात एकेरी रस्त्यांमुळे फेरे पडतात ते वेगळेच. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि पुढे पायीच फिरा. सकाळी लवकर निघा, कारण दुपारी एक ते चार बरीच जुनी दुकानं बंद असतात.

आधी कसबा गणपती, मग शनिवारवाडा. आत महाल दिसेल या अपेक्षेने जाऊ नका. 1828 च्या आगीत लाकडी इमारती जळाल्या, उरले ते चौथरे, तट आणि हजारी कारंजं. त्यामुळे खरा वेळ दिल्ली दरवाज्यापाशी द्या. दारावरचे अणकुचीदार खिळे नीट बघा. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते ठोकलेले आहेत.

तिथून कसब्यातली तांबट आळी गाठा. ठोक्यांच्या आवाजावरूनच गल्ली सापडते. तांब्याच्या भांड्यावर एकाला एक लागून पडणारे ते गोल ठसे म्हणजे मठारकाम. ठोकून पत्रा घट्ट होतो आणि चकाकीही येते. कारागिराला विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर बहुतेकांच्या यादीत नसतं. माझ्या मते पेठांतलं सर्वांत सुंदर दगडी कोरीवकाम इथंच आहे. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा शोधा.

मंडई, तुळशीबाग संध्याकाळी बघा, पण रविवार टाळा. गर्दीत पाऊल टाकायला जागा नसते.