कामगार पुढाऱ्यांचं आयुष्य शोधायचं कुठे? वाचकांचे प्रश्न

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते आणि युनियनच्या गिरणी कमिटीत पण होते असं घरात सांगतात. नेटवर त्यांचं नाव कुठेच नाही. सुरुवात कुठून करू?

दादा, नेट बंद करा आणि आधी घरातली ट्रंक उघडा. गेटपास, बदली कामगाराचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, वर्गणीची पावती, एखाद्या मोर्च्यातला ग्रुप फोटो, जे मिळेल त्याचा दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा, कारण मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा नाव हाच पुष्कळदा एकमेव धागा असतो. गिरणीचं नाव, खातं (म्हणजे विभाग) आणि तिकीट नंबर (कामगाराचा गिरणीतला नंबर) कळला की बाहेर शोधणं सोपं जातं. त्यांच्यासोबत खोलीत राहिलेलं, एकाच खानावळीत जेवलेलं कोणी हयात असेल तर तिकडे याच आठवड्यात जा, कागद थांबतील पण ८५ वर्षांचा माणूस थांबणार नाही. आणि जाऊन "आजोबा कसे होते" असं विचारू नका, सगळे "चांगले होते" एवढंच म्हणतील. पहिली पाळी सुटल्यावर ते कुठे जायचे, वर्गणी कोण गोळा करायचं, संपात घर कसं चाललं, असं विचारा. मीना मेनन आणि नीरा अडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या अशाच मुलाखतींचं मोठं पुस्तक केलंय, आधी ते वाचलंत तर काय विचारायचं याची नजर येईल.

नारायण मेघाजी लोखंडेंवर कॉलेजसाठी प्रोजेक्ट करतेय. प्रत्येक साईटवर "पहिली ट्रेड युनियन काढली" असं आहे. एवढं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार, आणि तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. लोखंडेंनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, मिलहँड्स असोसिएशन उभी केली, आणि १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, हे सगळं पक्कं आहे. पण फॅक्टरी कायद्याच्या अंमलबजावणीवरच्या १८९२ सालच्या सरकारी अहवालातच म्हटलंय की या असोसिएशनला ना सभासदांची यादी, ना फंड, ना नियम. मग आजच्या अर्थाने ती युनियन होती का? माझ्या मते त्याने लोखंडे तसूभरही लहान होत नाहीत. हातात काही नसताना त्या माणसाने एवढं घडवून आणलं, ही तर जास्त मोठी गोष्ट आहे! म्हणून तुम्ही १८८४ आणि १८९० या दोन्ही फॅक्टरी कमिशनचे (सरकारी चौकशी आयोगांचे) रिपोर्ट बघा, लोखंडे संपादक होते त्या 'दीनबंधू' वर्तमानपत्राचे जे अंक मिळतील ते बघा, मनोहर कदमांनी मराठीत लिहिलेलं चरित्र वाचा. विश्वकोशातली नोंद पाया म्हणून ठीक, पण तिथे थांबू नका.

मुंबईतल्या १९२८ च्या गिरणी संपातल्या पुढाऱ्यांवर लिहायचंय. श्रीपाद अमृत डांगे, ना. म. जोशी यांच्यावर भरपूर आहे, पण बाकीच्यांचं काय?

हा माझा आवडता प्रश्न. ना. म. जोशींचे कागद आणि आयटकचे (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे) कागद दिल्लीला तीन मूर्ती भवनातल्या लायब्ररीत आहेत, तिथे मौखिक इतिहासाच्या मुलाखतींच्या टाईप केलेल्या प्रती पण आहेत, ते तर बघाच. पण अर्जुन आळवेंसारखा माणूस बघा, स्वतः गिरणी कामगार आणि गिरणी कामगार युनियनचा अध्यक्ष. त्यांनी आत्मचरित्र कुठून लिहायचं? पण १९२९ मध्ये सरकारने त्यांना मीरतच्या खटल्यात (कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या कटाच्या खटल्यात) अडकवलं आणि कोर्टात आरोपींची लांबलचक निवेदनं नोंदली गेली, त्यात आळवेंनी आपण मुंबईला कसे आलो, गिरणीत कसे लागलो ते सांगितलंय. म्हणजे सरकारने तुरुंगात टाकायला जो कागद केला त्यातच त्यांचा आवाज टिकला. वाचताना अंगावर काटा येतो.

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे होम डिपार्टमेंट स्पेशलच्या (म्हणजे गृहखात्याच्या खास) फायली मागवा, जाताना ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र सोबत ठेवा. एक महत्त्वाचं, इंग्रजी फायलीत आपली नावं कशीही लिहिलेली असतात, आळवे कधी व्ही ने कधी डब्ल्यू ने, मीरत खटल्यातले दुसरे आरोपी कासले यांचं स्पेलिंग पण असंच बदलतं, तेव्हा चार-पाच स्पेलिंग काढूनच शोधायला बसा नाहीतर "काही नाही" म्हणून परत याल. पोलिसांचा रिपोर्ट हा खबऱ्याने ऐकलेलं भाषण असतं, तो सभेची जागा आणि तारीख यासाठी वापरा, माणसाच्या स्वभावासाठी नको. १९२१ पासून निघालेल्या मुंबई सरकारच्या लेबर गॅझेट या मासिकात कुठला संप कशावरून झाला, किती माणसं बाहेर होती, काय निकाल लागला हे मिळतं, त्याच्याशी पडताळा.

बायका पुढारी नव्हत्याच का? कुठल्याच यादीत दिसत नाहीत.

होत्या हो ताई! यादी करणाऱ्यांनी त्यांना गाळलं. उषाताई डांगेंचं 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाई भोरांची 'एका रणरागिणीची हकिकत' ही दोन आत्मकथनं मिळवा, जुन्या वाचनालयात चौकशी करा. फायलीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली जातं किंवा नुसतं "काही बायका" असं येतं, म्हणून नावाऐवजी गिरणी आणि तारीख धरून शोधा.

दत्ता सामंतांसाठी काय बघू?

१८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तिथून पुढची रोजची मराठी वर्तमानपत्रं, आणि १९८४ ला ते खासदार झाले म्हणून लोकसभेतली भाषणं, ती संसदेच्या डिजिटल लायब्ररीत फुकट वाचता येतात. वर्तमानपत्र मात्र एकच घेऊ नका, कामगारांच्या बाजूचं एक आणि मालकांच्या बाजूचं एक, त्याच दिवसाचं, शेजारी शेजारी ठेवून वाचा.