कॅनडा पीआर (कायम राहण्याचा परवाना): अर्ज वहिनींच्या नावाने करा, आणि आधी नावं जुळवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, मेकॅनिकल डिप्लोमा, रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात आठ वर्षं मेंटेनन्सला, त्याआधी 14 महिने मस्कत. बायको, म्हणजे आमच्या वहिनी, 31 वर्षांची, बीएस्सी नर्सिंग, सहा वर्षं स्टाफ नर्स. एक मुलगी. मुंबईचा एजंट म्हणतो, "67 गुण लागतात, तुमचे 71 होतात, आठ महिन्यांत पीआर, साडेतीन लाख द्या." देऊ का?

देऊ नका. 71 हा आकडा त्याने बहुधा बरोबरच काढला असेल. लबाडी त्याचा अर्थ सांगण्यात आहे.

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्करमध्ये, म्हणजे कुशल कामगारांच्या पीआर योजनेत, दोन वेगळे हिशोब असतात. पहिला 100 पैकी 67 चा. भाषा, शिक्षण, अनुभव, वय वगैरे धरून 67 झाले की तुम्ही एक्स्प्रेस एंट्रीच्या (पीआर अर्जांची सरकारी ऑनलाइन पद्धत) रांगेत उभे राहू शकता, एवढंच. दुसरा हिशोब सीआरएसचा, म्हणजे रांगेतल्यांची क्रमवारी लावणाऱ्या गुणांचा, 1200 पैकी, आणि पीआरचा अर्ज करायचं बोलावणं त्याच्यावर येतं. 67 म्हणजे हातखंब्याला गाडीत चढायला मिळालं. बसायला जागा मिळेल की नाही हे सीआरएस ठरवतो. 71 सांगून साडेतीन लाख मागणारा माणूस तुम्हाला फक्त गाडीत चढवतोय. आणि रांगेत उभं राहायला, म्हणजे प्रोफाइल बनवायला, सरकार एक पैसाही घेत नाही.

आता तुमचा सीआरएस मांडू. दोघांपैकी कोणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो, हे एजंटाने सांगितलेलं दिसत नाही. आपल्याकडे फॉर्म म्हटला की नवऱ्याचं नाव वर, हे रेशनकार्डापासून चालत आलंय. इथे ते महागात पडतं.

तुम्ही मुख्य अर्जदार असाल, डिप्लोमा दोन वर्षांचा धरला गेला, इंग्रजीत चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 9 मिळवलं आणि वहिनींना सीएलबी 7 मिळालं, तर: वयाचे 75, शिक्षणाचे 91, भाषेचे 116, जोडीदाराचे 20, आणि शिक्षण-अनुभव-भाषा यांच्या जोडगुणांचे 75. एकूण 377. हेच उलटं करा. वहिनी वर, त्यांना सीएलबी 9, तुम्हाला 7: वयाचे 90, पदवीचे 112, भाषेचे 116, तुमचे 19, जोडगुण 75. एकूण 412. नुसती नावं खालीवर केली की 35 गुण वाढले. शिवाय 2023 पासून कॅनडा ठरावीक व्यवसायांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे बोलावण्याच्या फेऱ्या, काढतो, त्यात आरोग्यसेवा आहे आणि नोंदणीकृत नर्स त्या यादीत येते. तुमच्यासारखे रेफ्रिजरेशनवाले ट्रेड्सच्या, म्हणजे कारागिरीच्या कामांच्या, यादीत आहेत, पण 377 घेऊन तिथे उभं राहण्यात अर्थ नाही.

412 पुरतील का? 2024 च्या फेब्रुवारीत आरोग्यसेवेचा ड्रॉ 422 वर थांबला होता, जुलैत 445 वर. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो 470 ला होता. म्हणजे आज हातात असलेलं पुरत नाही. एजंटाची "गॅरंटी" या अठ्ठावन्न गुणांच्या खड्ड्यावर उभी आहे.

खड्डा भरायचे मार्ग मोजकेच. एखाद्या प्रांताने नॉमिनेट केलं तर सरळ 600 गुण मिळतात, आणि नर्ससाठी प्रांतांचे दरवाजे इतरांपेक्षा जास्त उघडे असतात. पण बऱ्याच ठिकाणी आधी तिथल्या आरोग्यसंस्थेची नोकरी लागते. दोघांपैकी कोणाचं सख्खं भावंड तिथे पीआर किंवा नागरिक असेल तर 15. आणि तिसरा मार्ग, जो ऐकून लोक हसतात, तो म्हणजे फ्रेंच. चारही भागांत पातळी 7 आली तर 50 गुण बोनस आणि दुसऱ्या भाषेचे 12. म्हणजे 412 चे 474. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात, आणि 2025 मध्ये त्यातला एक 379 पर्यंत खाली आला होता. दीड-दोन वर्षांची मेहनत आहे, घरी लहान मूल आणि नाइट ड्यूटी सांभाळून तर जास्तच. पण साडेतीन लाखांत चांगल्या शिक्षकाकडे ऑनलाइन शिकवणी, परीक्षेची फी आणि मुंबईच्या फेऱ्या सगळं बसेल, वर पैसे उरतील.

इंग्रजीला हलकं घेऊ नका. वहिनींना सीएलबी 9 ऐवजी 7 मिळालं तर 412 चे 323 होतात. 89 गुण फक्त एका परीक्षेचे! आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जनरल द्यायची, अकॅडमिक नाही. सीएलबी 9 साठी लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हींना 7 लागतात. लिसनिंगला साडेसात आले की तो भाग सीएलबी 8 वर घसरतो, आणि चारपैकी एक जरी घसरला तरी जोडगुण निम्म्यावर येतात. माझं पहिल्यांदा रायटिंग साडेसहावर अडकलं होतं. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, वीस मिनिटांत पत्र लिहायची सवय नव्हती. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून कागद तयार व्हायच्या फार आधी देऊ नका.

आता कागद. इथेच कोकणातली माणसं अडकतात, आणि मीही अडकलो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, पासपोर्टवर कुळाचं, डिप्लोमावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने तर मार्कशीटवर दुसऱ्या. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, वाडीत सगळे ओळखतात. तिकडच्या माणसाला ते चार वेगळे इसम दिसतात. वहिनींच्या बाबतीत तर बघाच. पदवी माहेरच्या नावाने असणार, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कदाचित माहेरचीच, पासपोर्ट सासरचा, मधलं नाव वडिलांचं जाऊन तुमचं आलेलं. लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावही वेगळं. विवाह नोंदणी दाखला इंग्रजीत काढून घ्या, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, आणि मगच पदवीच्या मूल्यमापनाला (ती कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीची हे ठरवून घेणं) हात घाला. वहिनींची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर ट्रान्स्क्रिप्ट तिथून, तुमच्या डिप्लोमाचं तंत्रशिक्षण मंडळाकडून. त्या खिडक्यांवर वेळ लागतो, त्याला इलाज नाही. मूल्यमापन पाच वर्षं चालतं, म्हणून हे काम इंग्रजीच्या आधी करा.

अनुभवाचं पत्र. हॉस्पिटलचं एचआर नेहमी "सदर व्यक्ती आमच्याकडे अमुक तारखेपासून कार्यरत असून त्यांचे वर्तन समाधानकारक आहे" असं देतं. वर्तनाशी कोणाला घेणंदेणं नसतं. हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोजचं काम नेमकं काय, हे सगळं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, सही करणाऱ्याच्या नाव-फोनसह हवं. काम एनओसीशी जुळलं पाहिजे. (इथे एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला नव्हे, कॅनडाची व्यवसायांची यादी. माझ्या चुलत्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी केली होती.) नोंदणीकृत नर्सचा कोड 31301.

माझा पहिला अर्ज इथेच फेटाळला गेला. मुंबईतल्या एका सल्लागाराने पत्राचा मसुदा स्वतः करून दिला आणि एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवली. माझ्या मालकाने न वाचता सही केली, मीही न वाचता पाठवलं. अधिकाऱ्याने लिहिलं की कामाचं वर्णन यादीची नक्कल आहे, हे काम खरंच केलं यावर विश्वास बसत नाही. तेवढ्यावर निभावलं हे नशीब. खोटी माहिती दिल्याचं ठरलं असतं तर पाच वर्षं दार बंद. दुसऱ्यांदा मी माझंच काम माझ्या शब्दांत लिहिलं. तुमचंही लिहून ठेवा, उपयोगी पडेल: अमोनिया प्लान्टचा कॉम्प्रेसर कोणत्या क्षमतेचा, प्लेट फ्रीझर किती, पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असताना ओव्हरहॉलिंग कसं चालतं. अशी माहिती कोणत्याही यादीत नसते, म्हणून ती खरी वाटते. एक सावधगिरी. हंगामी काम, म्हणजे आंब्याच्या कॅनिंगला तीन महिने वगैरे, मुख्य अनुभवात चालत नाही. किमान एक वर्ष सलग, आठवड्याला 30 तास पगारी काम हवं. तुम्हा दोघांचं ते आहे.

पैसे दाखवण्याबद्दल. 2025 च्या जुलैत ठरलेल्या आकड्याप्रमाणे तिघांच्या कुटुंबाला 23,360 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत होते, म्हणजे चौदा-पंधरा लाख. कलमांची बाग, घर, सामाईक सातबारा यातलं काही धरत नाहीत. सोनंतारण कर्ज काढून खात्यात टाकलेले पैसेही चालत नाहीत. बँकेच्या पत्रावर सहा महिन्यांची सरासरी शिल्लक येते, आणि बागायतदाराच्या घरी खातं जानेवारीत कोरडं तर मेमध्ये भरलेलं असतं. मोठी रक्कम एकदम जमा झाली तर ती कुठून आली हे विचारतात. वाशीच्या दलालाची आंबा विक्रीची पट्टी फेकू नका, ती त्यावेळी कामाला येते. वडील देणार असतील तर बक्षीसपत्र करा आणि पैसे लवकर हलवा.

बाकीचं पटापट. मस्कतला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, म्हणून ओमानचा पोलीस दाखला लागेल; त्यासाठी तिथल्या जुन्या रूममेटशी आजच बोला. मेडिकल कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुंबईला, आणि 2025 च्या ऑगस्टपासून ते अर्जाच्या आधी करावं लागतं. बोलावणं आल्यावर 60 दिवस मिळतात. 2024 च्या एप्रिलमध्ये ठरलेली सरकारी फी मोठ्या माणसामागे 1,525 डॉलर, मुलामागे 260 होती.

वहिनींना एक गोष्ट आधीच सांगा, कारण ती कोणी सांगत नाही: पीआर मिळाली म्हणजे नर्स म्हणून काम करायची परवानगी मिळाली असं नाही. त्यासाठी प्रांताच्या नर्सिंग संस्थेची नोंदणी आणि एनसीएलईएक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा वेगळी. मी कॅनडात राहतो त्या आमच्या एडमंटनला केरळच्या दोघीजणी आहेत. एकीने भारतात असतानाच कागद सुरू केले होते, दुसरीने पोहोचल्यावर. दुसरी बराच काळ वृद्धाश्रमात मदतनीस होती. पगार मिळत होता, पण दहा वर्षं काम केलेल्या स्टाफ नर्सला बेडपॅन बदलण्यापुरतं राहणं जिवावर येतं.

मदत हवीच असेल तर सल्लागाराचा परवाना क्रमांक मागा आणि कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या (शिकायचं कॉलेज नव्हे, परवाने देणारी संस्था) जाहीर नोंदवहीत स्वतः तपासा. "आमचे सर तिकडे बसतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तुमचं प्रोफाइल बनेल त्याचा लॉगिन-पासवर्ड तुमच्याच हातात असला पाहिजे. माझा माझ्याकडे नव्हता, फेटाळल्याचं पत्रही मला तीन आठवड्यांनी कळलं.

गणपतीला गुहागरला आलोय, गौरी-विसर्जन झाल्यावर आठवडाभर आहे. वहिनींच्या पत्राचा कच्चा मसुदा झाला की नाव-पत्ता झाकून मला पाठवा, बघतो. रात्री दहानंतर टाका, त्याआधी इथे रेंज नसते आणि आरत्या चालू असतात.