गढीत वाढलेल्या माणसाला 'पुराना मंदिर' आज पुन्हा भिडेल का?

हो, भिडेल, फक्त भीतीची जागा बदललेली वाटेल. तुम्ही विचारलंय की नांदेडकडच्या गढीत बालपण गेलं, लहानपणी 'पुराना मंदिर'नं झोप उडवली होती, तर आता पुन्हा पाहावा का. मी तो गेल्या महिन्यात परत पाहिला, त्यावरून सांगतो. तुलसी आणि श्याम रामसे यांचा हा १९८४ चा भयपट. अनिरुद्ध अग्रवालनं केलेल्या सामरी या सैतानाचा मेकअप आता उघडा पडतो, पण हवेली अजून अंगावर येते. सामरीचं मुंडकं पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं, ही कल्पनाच जबरदस्त आहे. धोका घरातच बंद आहे आणि घरच्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचा. त्याच्या शापानं त्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात दगावतात, हे तर आता जास्तच लागतं. ज्यानं गढीतलं धान्य साठवायचं बळद, अंधारा जिना आणि कुलूप लावलेली खोली पाहिलीय, त्याला हे परकं वाटणारच नाही. अजित सिंग यांचं पार्श्वसंगीत अजूनही काम करतं, म्हणून दिवे घालवून, आवाज मोठा ठेवून बघा. जगदीपचा 'शोले'ची नक्कल करणारा भाग मात्र रेंगाळतो, तो खुशाल पुढे ढकला. एक सांभाळा: सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र होतं आणि ते योग्यच होतं, तेव्हा लेकरं झोपल्यावरच लावा.