रिपोर्ट नॉर्मल, मग पोटात कळ का येते?

पोटाची तक्रार घेऊन समुपदेशनाला येणारी माणसं बहुधा जाडजूड फाइल घेऊनच येतात. रक्त, शौच, सोनोग्राफी, कधी कोलोनोस्कोपीसुद्धा. सगळं नॉर्मल. आणि त्या ‘नॉर्मल’नेच त्यांची झोप उडालेली असते. काहीच सापडत नाही, म्हणजे दोष माझ्या डोक्यात आहे का?

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा हेच विचारत होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पंचविशीचा, पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. सोबत गावाहून आलेले वडील. पेपर असो, सराव परीक्षा असो, नाहीतर एसटीने गावी निघायचं असो, सकाळीच ओटीपोटात कळ यायची. तीन-चार वेळा जाऊन आलं की जरा उतार. पेपर दोन तासांचा, मध्येच लागली तर? या धास्तीने तो आदल्या रात्रीपासून उपाशी राहू लागला होता. एक पेपर तर त्याने बुडवलाच.

“मॅडम, पोटात काही नाही याच्या. मनाचं खूळ आहे, तुम्हीच समजवा,” वडील म्हणाले. मुलाची मान खाली.

“काका, आतडं कधी हलवायचं हे तुम्ही ठरवता का?”

“नाही बुवा.”

“तोही ठरवत नाही.”

मग मी दोघांना कागदावर मोठं आतडं काढून दाखवलं. हे मी नेहमी करते, कारण आपलं शरीर नेमकं काय करतंय हे कळलं की भीतीला धरायला जागा कमी उरते. साधारण दीड मीटरची ही नळी. तिच्यावर स्नायूंचे तीन लांब पट्टे असतात. ते नळीपेक्षा आखूड, त्यामुळे नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तसे आतड्याला फुगवटे येतात. आत गोल आवळणारे स्नायू, आणि या दोन थरांमध्ये मज्जातंतूंचं जाळं. लय धरून देणाऱ्या खास पेशीही तिथेच. 1899 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिल्या. तरीही आतल्या गोळ्याच्या मागचा भाग आवळत होता आणि पुढचा सैल पडत होता. मेंदूच्या हुकमाशिवाय.

दिवसातला बराच वेळ मोठं आतडं आतला ऐवज नुसता घुसळत असतं, त्यातलं पाणी शोषून घेत असतं. मोजक्याच वेळा एक जोरदार लाट येते आणि सगळं पुढे ढकलते. ही लाट बहुधा उठल्यावर किंवा खाल्ल्यावर येते. रात्री झोपेत आतडंही शांत असतं.

“मग पेपरच्याच दिवशी का?” मुलाने विचारलं.

मेंदू लाट निर्माण करत नसला तरी तिचा जोर वाढवू शकतो. ताण आला की मेंदूतून निघणाऱ्या संदेशांनी जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं. म्हणून घास गिळवत नाही आणि संडासला मात्र पळावं लागतं, दोन्ही एकाच वेळी. शिवाय काहींच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात. आतडं जरासं ताणलं गेलेलं इतरांना जाणवतही नाही, ते त्यांना कळ म्हणून जाणवतं. कॅमेऱ्यात आतड्याचं अस्तर दिसतं, हा हळवेपणा दिसत नाही. त्याच्या डॉक्टरांनी फाइलवर ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) लिहिलं होतं, ते हेच. दुखणं खरंच होतं. वडील बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले.

शौचात रक्त, नकळत घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असतं तर मी त्याला आधी डॉक्टरांकडेच परत पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

उपास बंद करणं ही पहिली गोष्ट, आणि त्याला ती सगळ्यात अवघड गेली. लाट उठल्यावर आणि खाल्ल्यावर येते, तर तिला घरीच येऊ द्यायचं. निघायच्या दोन तास आधी उठायचं, गरम पाणी, थोडा उपमा किंवा पोहे, मग घाई न करता संडासला बसायचं, जोर न लावता. रोज, पेपर नसतानाही. चहा तो दिवसभर घेत होता, तो दोनवर आणला. पोट फुगवत सावकाश श्वास घेण्याचा सराव केला. मग अभ्यासिकेत घड्याळ लावून पूर्ण पेपर, आधी दाराजवळ बसून, नंतर मधल्या रांगेत. कळ आली तर लगेच उठायचं नाही, श्वास सोडत ती चढते कशी आणि ओसरते कशी ते बघायचं. बहुतेक वेळा ती ओसरायची.

पुढच्या पूर्वपरीक्षेला तो नाश्ता करून गेला. पहिल्या पेपरात एकदा कळ आली, ती जाईपर्यंत त्याने पेन खाली ठेवलं आणि मग पुढचा प्रश्न घेतला. काही सकाळी अजूनही त्याला दोनदा जावं लागतं. वडील आता फोनवर आधी विचारतात, “खाल्लंस का?”