आधी तिची वही परत द्या

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी समाजशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण उत्तम आहेत आणि तिला पुढे धर्म आणि राजकीय सत्ता यांचा अभ्यास करायचा आहे. ‘देवावरचा विश्वास जाईल, वर कुणाचा तरी रोष ओढवून घेईल, तिला स्पर्धा परीक्षेकडे वळवा,’ असं तुम्ही लिहिता. मला काळजी वाटली ती तुमच्या एका ओझरत्या वाक्याची. तिची टिपणांची वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. एकवीस वर्षांच्या मुलीची वही काढून घेतली म्हणून विषय तिच्या डोक्यातून जात नाही. तुमच्याशी बोलणं मात्र ती बंद करते. पत्रात तुमची भीती पानभर आहे, तिचं म्हणणं एका ओळीचंही नाही.

धर्माचा अभ्यास म्हणजे श्रद्धेवर घाव, हा तुमचा समज चुकीचा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) घराण्यात जन्मले आणि स्वतः निधर्मी झाले. पण १९१२च्या ग्रंथात त्यांनीच ठामपणे मांडलं की कोणताही धर्म निव्वळ खोट्यावर उभा नसतो, त्याचं मूळ समाजजीवनात असतं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांच्या चेटूकविषयक समजुतींवर १९३७मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातलं एक उदाहरण: धान्याचं कोठार कोसळून त्याच्या सावलीला बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न पुढचा असतो: नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना ते का पडलं? याचं उत्तर ते चेटकात शोधतात. हे समजून घेणारा अभ्यासक १९४४मध्ये कॅथलिक झाला. तेव्हा मुलगी नास्तिक होईल की अधिक श्रद्धाळू, हे तुम्ही किंवा मी आज सांगू शकत नाही. देव आहे की नाही, हा या शास्त्राचा प्रश्नच नाही. माणसं श्रद्धेच्या बळावर काय करतात, हा आहे.

रोषाची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. या विषयात ज्ञान आणि सत्ता एकमेकांत गुंतलेली असतात. याच इव्हान्स-प्रिचर्ड यांचा न्युएर लोकांवरचा अभ्यास सुदानच्या तत्कालीन वसाहती सरकारच्या सांगण्यावरून आणि मुख्यतः त्याच्याच पैशातून झाला होता. पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचे, यावर अभ्यासक पुढे कडाक्याने भांडले. तिला हे वाद शिकावेच लागतील, म्हणून निष्कर्षाआधी पुरावा मागणारा मार्गदर्शक शोधा.

स्पर्धा परीक्षा तिला द्यावीशी वाटली तरच द्यावी. पीएचडीपर्यंत बरीच वर्षं जातात आणि कायम नोकऱ्या थोड्या, हे तिला स्पष्ट सांगा. सोबत संख्याशास्त्र आणि एक नवी भाषा शिकली, तर संशोधनाबाहेरही काम मिळेल.

तिला ‘वळवण्याचं’ काम मी करणार नाही. वही आजच परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते वाचायला मागू नका.